तीन नंबर, पाच नंबर आणि आत्याची किडनी

आत्याच्या पोटात, उजव्या बाजूला जरा खाली, तिच्या धाकट्या भावाची किडनी आहे. तिला तिथे राहायला येऊन आता सहा वर्षं झाली. किडनी देताना भावाने चार ठिकाणी सह्या केल्या होत्या. पण त्याची समजूत अशी झालेली दिसते की, वस्तू फक्त ठेवायला दिली आहे, हक्क काही सोडलेला नाही.

"ताई, तू पाणी कमी पितेस," तो दर रविवारी येऊन सांगतो. "माझ्या किडनीला एवढ्याशा पाण्याची सवय नाही."

"तुझ्याकडे होती तेव्हा तू तिला काय पाजत होतास ते मला माहीत आहे," आत्या म्हणते. "माझ्याकडे आल्यापासून सुधारली ती. रात्री दहाला झोपते."

या भावाची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, आत्याकडेच राहते. कारण साधं आहे. तिची प्रयोगशाळा आत्याच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे आणि आई-वडिलांचं घर दोन बस बदलून. खरं कारण असं की, आत्या "लग्नाचं काय?" हा प्रश्न विचारत नाही. ती "उंदरांचं काय?" असं विचारते, आणि उत्तर नीट ऐकते.

भाची संशोधन करते. विषयाचं अधिकृत नाव दोन ओळींचं आहे आणि ते एका श्वासात वाचता येत नाही, म्हणून तिचे वडील लोकांना "ती उंदरांच्या साखरेवर काम करते" एवढंच सांगतात. ते चूक आहे, पण फार चूक नाही.

प्रकरण असं आहे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काहींचं काम एकच, घरचं कोण आणि परकं कोण हे बघत फिरणं. एरवी त्या निवांत असतात. साखर आत घ्यायला सांगणारं इन्सुलिन रक्तातून जवळून जातं, पण या पेशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. कारण इन्सुलिन धरून ठेवायला त्यांच्या अंगावर खुंट्याच नसतात. अभ्यासाच्या भाषेत या खुंट्यांना रिसेप्टर म्हणतात. पण या पेशींना परकं कातडं किंवा परकी किडनी दिसली, की चित्र पालटतं. त्या दंड थोपटतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. आणि एवढं सगळं करायचं तर भूक लागणारच. मग चार-पाच दिवसांत अंगभर खुंट्या उगवतात आणि येईल ते इन्सुलिन त्यांना लटकू लागतं. थोडक्यात, भांडायला निघालेली पेशी आधी जेवायची सोय करते. माणसाहून शहाणीच म्हणायची.

भाचीचं म्हणणं एवढंच होतं की, भांडण दिसायच्या आधी या खुंट्या दिसतील. तसं झालं तर बसवलेली किडनी शरीर नाकारतंय की नाही, ते रक्ताच्या थेंबावरून कळेल. आत्याच्या तपासणीत आकडा जरा इकडचा तिकडे झाला, की डॉक्टर तिच्या किडनीत लांब सुई घालून तुकडा काढून बघतात. मग दिवसभर तिने पोटावर वाळूची पिशवी घेऊन उताणं पडून राहायचं. असे तीन दिवस भाचीने तिच्या शेजारी स्टुलावर बसून काढले आहेत. तिसऱ्या वेळी आत्या छताकडे बघत म्हणाली होती, "एवढं शिकलात तुम्ही लोक. आत काय चाललंय ते विचारायला दुसरा काही मार्ग नाही का गं? सुईने भोसकूनच विचारायचं?"

अर्जात 'विषय निवडण्याचे कारण' या जागी भाचीने वेगळंच भारदस्त काहीतरी लिहिलं. खरं कारण वाळूच्या पिशवीखाली झोपलेलं होतं.

*

प्रयोगशाळेला जोडून उंदीरघर आहे. तिथल्या दोन खोल्यांत पांढऱ्या उंदरांची दोन घराणी राहतात, एक उत्तरेच्या खोलीत, एक दक्षिणेच्या. प्रत्येक घराण्यातली लग्नं कित्येक पिढ्या घरातल्या घरात लावलेली असल्यामुळे उत्तरेचा कुठलाही उंदीर उत्तरेच्या दुसऱ्या उंदराचा जुळा भाऊ म्हणून खपतो. एकाचं कातडं दुसऱ्याला लावलं तर अंगाला कळतसुद्धा नाही. दक्षिणेचं कातडं उत्तरेला लावलं, तर मात्र नऊ-दहा दिवसांत ते काळं पडून गळतं. दिसायला दोन्ही घराणी सारखीच, पांढरी, लाल डोळ्यांची आणि कायम घाईत असल्यासारखी.

या सगळ्यांचा कारभार मामांकडे. मामा कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नाही. एकतीस वर्षांत आलेले सगळे विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात आणि विभागप्रमुखसुद्धा आडून तेच म्हणतात. मामा उंदरांना "मंडळी" म्हणतात. विद्यार्थ्यांना मात्र "अहो" किंवा "अगं" यापलीकडे काही म्हणत नाहीत, कारण मंडळी टिकून असतात आणि विद्यार्थी पाच वर्षांत निघून जातात.

भाचीने उत्तरेचे बारा उंदीर घेतले. सहांना दक्षिणेचं परकं कातडं लावलं, सहांना उत्तरेचंच घरचं. शेपटीचं नखाएवढं कातडं काढायचं, पाठीवर बसवायचं, वर पट्टी. कातडं देणारा उंदीर दोन दिवस शेपटीला मलम लावून घेतो आणि कामाला लागतो. पाचव्या दिवशी सगळ्यांचं थेंब थेंब रक्त घेतलं. नळी गरगर फिरवली, की तांबड्या थरावर पांढऱ्या पेशींचा साईसारखा पट्टा येतो. तो उचलायचा, त्यात हिरवं चमकणारं इन्सुलिन मिसळायचं, धुवायचं, आणि काळ्या पडद्याच्या कोठडीत बसून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. खुंट्या असलेली पेशी हिरवी दिसते, नसलेली काळोखात काळोख.

परक्या सहांमध्ये शंभरातल्या साठ-साठ पेशी हिरव्या होत्या. भाची कोठडीत एकटीच हसली.

मग घरचे सहा. एक नंबर, शंभरात दोन. दोन नंबर, शंभरात तीन. तीन नंबर, शंभरात अठ्ठावन्न.

तिने चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. अठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले.

चार नंबर शांत. पाच नंबर बासष्ट. सहा नंबर शांत. ती बाहेर आली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडलं होतं, आणि तिला ते फार उद्धट वाटलं.

*

तिच्या मार्गदर्शक मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांना फक्त आनंद झालेला माणूस बघवत नसे, कारण आनंदात माणसं मोजायला चुकतात असा त्यांचा अनुभव होता.

"परके चमकायला हवे होते, ते चमकले," त्या वही चाळत म्हणाल्या. "छान. घरचे चमकायला नको होते, त्यातले दोन चमकले. म्हणजे काय?"

"म्हणजे..."

"म्हणजे तुझं इन्सुलिन दिसेल त्याला चिकटतंय. उद्या ते माझ्या साडीला चिकटेल, आणि तू म्हणशील की मॅडमना परकी किडनी बसवली आहे."

"पट्टी सोडून कातडी बघूया का, मॅडम?"

बघितली. बाराच्या बारा गुलाबी. सहाव्या दिवशी डोळ्यांना परकं आणि घरचं सारखंच दिसतं. नेमकं त्यासाठीच तर ही चाचणी होती.

"सोमवारी समिती आहे," मॅडम म्हणाल्या, आता जरा मवाळपणे. "सहात दोन वेळा खोटी आरोळी ठोकणारा पहारेकरी कोणी कामावर ठेवत नाही. मी त्यांना विषय बदलायला सांगणार. उंदरांच्या मिशांची लांबी हा विषय रिकामा आहे. निरुपद्रवी आहे, दोन वर्षांत होईल."

भाची घरी आली ती तोंड एवढंसं करून. आत्याने विचारलं, "उंदरांचं काय?" आणि हिने रडायला सुरुवात केली.

आत्याने रडू दिलं. स्वतःच्या औषधांचा डबा उघडून संध्याकाळच्या गोळ्या मोजल्या, घेतल्या, आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग म्हणाली, "झालं? आता सांग. हळू सांग, आणि उंदराला उंदीर म्हण, नमुना म्हणू नकोस."

भाचीने सगळं सांगितलं. आत्याने ऐकलं.

"त्या तीन नंबरला कातडं कोणाचं लावलंस?"

"घरचंच, आत्या. उत्तरेचं."

"घरचं म्हणजे कोणाचं?"

"आहे एक उत्तरेचा उंदीर."

"तो उत्तरेचा आहे हे कोणी बघितलं?"

"पिंजऱ्यावर कार्ड असतं."

आत्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ती फक्त आपल्या भावाकडे पाहते. "बाळ्या माझा सख्खा भाऊ. एका ताटात जेवून वाढलो. माझ्यासमोर जन्मला, नाक त्याचं हुबेहूब माझ्या वडिलांचं. तरी त्या डॉक्टरांनी आमचं रक्त तीन वेळा तपासलं, जुळतंय का म्हणून. मी म्हटलं, अहो, माझा भाऊ आहे तो. तर म्हणाले, बाई, आम्ही नात्यावर जात नाही. आणि तू? तू पुठ्ठ्याच्या कार्डावर गेलीस?"

भाची हातातला रुमाल तसाच धरून उठली आणि पिशवीतून वही काढली. प्रत्येक देणाऱ्या उंदराचं कातडं दोघांना लावलेलं होतं. एक आणि चार नंबरला 'क'चं. दोन आणि सहाला 'ख'चं.

तीन आणि पाचला 'ग'चं. दोघांनाही एकाच 'ग'चं.

"आत्या," ती म्हणाली, "पेशी खरं बोलतायत."

"मग तू का रडतेस? जो खोटं बोलला त्याला रडू दे."

*

सकाळी उंदीरघरात मामा पाण्याच्या बाटल्या भरत होते. भाचीने 'ग'बद्दल विचारलं.

"उत्तर, पिंजरा अकरा," मामा मान वर न करता म्हणाले. "कार्ड बघ."

"कार्ड बघितलं, मामा. तो आधीपासून तिथलाच ना?"

"कार्डावर तीन लिहिलंय. पिंजऱ्यात तीन आहेत. तपासणीवाले येतात तेसुद्धा एवढंच मोजतात." एक बाटली भरून वाहू लागली, आणि मामांनी आयुष्यात बहुधा प्रथमच पाणी सांडलं. "अगं, कामाच्या वेळेला काय चौकशी?"

भाचीला जे कळायचं ते कळलं. पण कळणं आणि समितीपुढे सिद्ध करणं यात सोमवार होता. तिने मॅडमच्या खोलीत जाऊन एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'घरच्या सहांपैकी तीन आणि पाच नंबरची कातडी रविवारच्या आत काळी पडतील. इतर चार गुलाबी राहतील.' खाली सही, तारीख.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "आणि नाही पडली तर?"

"तर मी मिशा मोजीन."

मॅडमनी तो कागद खणात ठेवला. ठेवताना त्या किंचित खूश दिसल्या, आणि लगेच स्वतःला सावरून गंभीर झाल्या.

दोन दिवस भाचीने फार विचित्र काढले. परक्या कातड्याने जगावं अशी जिची तीन वर्षांची धडपड, तीच आता दोन कातडी मरायची वाट बघत होती. शनिवारी दुपारी तिचा फोन वाजला. मामा कधी फोन करत नसत. त्यांना वाटे की फोनवर बोललेलं सगळीकडे ऐकू जातं.

"ये," ते म्हणाले. "तीन आणि पाच. कडा काळ्या झाल्यात. घरची बाकीची मंडळी ठणठणीत."

ती पळत गेली. खरोखरच तसं होतं. सहा परकी काळवंडत होती, त्यांच्यात आणि तीन-पाचमध्ये डावं-उजवं करता येत नव्हतं. तिने फोटो काढले, घाईत पहिले चार वाया गेले.

मामा पिंजरा अकरासमोर स्टुलावर बसले होते. "तो डाव्या कानाला दुमड असलेला," ते म्हणाले. "तो दक्षिणेचा. त्याचे दोघे भाऊ तुमच्याच कुणाच्या कामाला गेले, आणि हा राहिला एकटा. चार दिवस खाल्लं नाही त्याने. कोपऱ्यात तोंड करून बसायचा. इकडे अकरामध्ये एक दगावला होता, दोनच उरले होते. टाकला त्याला त्यांच्यात. कार्डावरचा आकडाही जुळला."

"आणि ते भांडले नाहीत?"

"पहिला दिवस नाकं फेंदारली. दुसऱ्या दिवशी तिघं एकावर एक झोपले. आता तर त्याच्याशिवाय दोघं खात नाहीत." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यांचं जमलं गं. कातड्यांचं जमलं नाही, त्याला मी काय करू?"

"मामा, नोंद का नाही केलीत?"

"कुठे करू?" मामांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. "वजनाला रकाना आहे. खाण्याला आहे. मेला तर आहे. एकटा पडला तर लिहायला कुठे आहे?"

भाचीला त्यांची साक्ष मागायची होती, ती मागवेना. मामा बोलले नाहीत तर समिती म्हणणार होती, की जखम चिघळली असेल; आणि बोलले तर म्हणणार होती, की एकतीस वर्षांचा माणूस कामचुकार निघाला. तिने कॅमेरा बंद केला आणि "येते, मामा" एवढंच म्हणाली.

*

सोमवारी समितीचे पाच सदस्य लांबट टेबलाच्या पलीकडे बसले होते. समितीला प्रयोग कळतो असं नाही, पण रविवारी काय घडायला हवं होतं हे गुरुवारी लिहून ठेवलेला कागद कोणालाही कळतो. मॅडमनी तो खणातून आणला होता आणि स्वतः वाचून दाखवला, अगदी कोरड्या आवाजात. भाचीने फोटो मांडले.

"जखम चिघळली असेल," टोकाचे सदस्य म्हणाले.

"दोघांचीच? आणि दोघांचा दाताही एकच?" मॅडम म्हणाल्या.

"मग दाता परका होता याला पुरावा काय?"

इथे भाचीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

दार वाजलं. मामा आत आले, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात झाकलेला पिंजरा. "पुरावा आणलाय," ते म्हणाले, आणि तो टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला. दुमडलेल्या कानाचा उंदीर उठून बसला आणि त्याने समितीकडे पाहून मिशा हलवल्या. मामांनी सगळं सांगितलं, अकरा नंबरपासून. "चूक माझी. काय ती शिक्षा लिहा. पण पोरीची चाचणी खोटी म्हणू नका. कार्ड फसलं, तपासणीवाले फसले, मी स्वतः विसरलो होतो. त्या दोन उंदरांच्या रक्ताला पाचव्या दिवशी कळलं होतं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "ही नोंद का झाली नाही?"

"रकाना नव्हता, साहेब."

या उत्तराने समितीत जी खळबळ माजली ती त्या चाचणीने माजली नव्हती. रकाना नाही! पुढचा पाऊण तास पाच विद्वान माणसं रकान्याचं नाव काय असावं यावर बोलत होती. 'सहवास' भारी वाटला, 'स्थलांतर' सरकारी वाटलं. शेवटी 'सोबत' ठरलं. मामांना लेखी ताकीद मिळाली आणि नवा तक्ता त्यांच्याच हस्ते भिंतीवर लागला. भाचीला नव्याने प्रयोग करायला परवानगी मिळाली, ती इतिवृत्तात सातव्या कलमात, एका ओळीत आहे. त्याच ओळीत असंही आहे की, यापुढे दात्यांचं रक्त आधी तपासावं.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मिशांचा विषय मी दुसऱ्या कोणाला तरी देईन." मग थोड्या थांबून, "छान पहारेकरी आहे तुझा. मालकाला कळायच्या आधी ओरडतो." एवढं कौतुक एका दमात झाल्यामुळे त्या उरलेला आठवडा कोणाशी बोलल्या नाहीत.

*

नवा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्ही वेळा घरचे घरच्यासारखे वागले. त्यानंतर वर्षभराने माणसांच्या रक्तावर बघायची परवानगी आली. ती आली तेव्हा मॅडमनी बजावून सांगितलं, की यावरून कोणाच्या गोळ्या बदलायच्या नाहीत, कोणाची सुई टाळायची नाही. अजून नुसतं बघायचं. स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांच्या यादीत पहिली सही आत्याची. संमतीपत्र चौदा पानी होतं. तिने सगळं वाचलं आणि नवव्या पानावर एक चूक काढली.

तो रविवार होता, त्यामुळे भाऊही बरोबर आला होता. त्याचं म्हणणं, किडनी माझी आहे, निकाल मला आधी कळला पाहिजे.

आत्याच्या रक्ताची नळी घेऊन भाची काळ्या पडद्याआड गेली. आत फक्त मोजणीच्या यंत्राची टिकटिक. बाहेर आत्या बाकावर ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि शेजारी भाऊ तिच्या पाण्याच्या बाटलीवर लक्ष ठेवून होता. टिकटिक थांबली. पुन्हा सुरू झाली, कारण भाची आता सगळं दोनदा मोजते.

पडदा सरकला.

"काय दिसलं?" भावाने विचारलं.

"काही नाही, बाबा. सगळा अंधार. शंभरात दोन."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे," भाचीचा आवाज जरा ओला झाला, म्हणून तिने तो चेष्टेचा केला, "सहा-सात वर्षं झाली, तरी आत्याच्या पेशींनी तुम्हाला अजून ओळखलेलं नाही."

आत्याने शेजारची बाटली उचलली, शांतपणे अर्धी प्यायली आणि झाकण लावलं.

"ओळखलंय चांगलं," ती म्हणाली. "बोलत नाही, एवढंच."